महिन्याला किती फेऱ्या?

बाहिया ब्लांकाहून मला पाठवलं तेव्हा
साहेबांनी बजावलं होतं, माणसं मोजायची, गोष्टी नाही.
कोलोनिया सान आद्रियान. वस्ती तीनशे बारा.
शेवटची प्रवासी गाडी गेली त्याला बत्तीस वर्षं झाली,
ती सकाळची होती की संध्याकाळची
यावर खाटकाच्या दुकानात अजून भांडण होतं.

गहू मात्र जातो.
रोज रात्री दोनला मालगाडी येते,
सायलोखाली तास-दीड तास उभी राहते,
पोट भरलं की बंदराकडे निघते.
खाणीतला दगडसुद्धा जातो.
"दगडाचं बरं असतं," खाटीक एबेर गोइकोचेआ म्हणाला,
"डब्यात गारठा आहे म्हणून तो तक्रार करत नाही."
हे मी लिहून घेतलं नाही. त्याला रकाना नव्हता.

माझे प्रश्न साधे :
गाडी सुरू झाली तर महिन्याला किती फेऱ्या कराल? कशासाठी?

ब्रिसा, नर्सिंगचं दुसरं वर्ष : आठ.
तिचा भाऊ : वायफाय असेल तर बघू.
शाळेतल्या बाई : सोळा मुलं, वर्षातून एकदा. कारण, समुद्र.
(भागिले बारा. महिन्याला एक पूर्णांक एक तृतीयांश मूल.)
आन्सेल्मो रॉट, दोन्ही मूत्रपिंडं निकामी,
आठवड्यातून तीनदा एकशे चाळीस किलोमीटर जातो
आणि रक्त धुऊन झालं की तितकेच
स्वतः गाडी चालवत परत येतो.
त्यानं बोटांवर मोजलं.
"सव्वीस लिही. पण फार वर्षांचा हिशेब धरू नकोस."

शेवटचं घर नेलिदा श्विंटचं.
तिनं माते केलं, पहिला कडू घोट स्वतः घेतला,
मग नळी माझ्याकडे वळवली.
महिन्याला किती फेऱ्या?
"एकही नाही."
मी शून्य काढायला पेन टेकवलं.
"थांब की. मी कुठं जाणार?
चार कोंबड्या, आणि गुडघे हे असे.
पण मुलगी रोसारियोला आहे, तिला गाडी चालवता येत नाही.
नात आहे, ती मोठी झालेली मी फोनवरच ऐकली.
मला नाही जायचं. त्यांना येता आलं पाहिजे.
हे कुठं लिहितात तुझ्यात?"

मी फॉर्म उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

त्या रात्री पाऊस झाला, कच्च्या रस्त्याचा साबण झाला,
माझी जीप काल्देनच्या झाडाशी रुतून बसली.
दोन वाजता एबेर मला सायलोपाशी घेऊन गेला,
इंजिनात कुणाशी तरी बोलला,
एक पुडकं वर दिलं, सॉसेजचं असावं.
ड्रायव्हर म्हणाला, "चढ. पण तू मला दिसलेला नाहीस."
तसा मी पाच तास, मागे बाराशे टन गहू,
कुणालाही न दिसता घरी आलो.
गावातले किती जण असे जातात, मी विचारलं.
"कुठलं गाव?" म्हणाला, आणि हॉर्न दिला.

बेरीज आली एकशे अठ्ठ्याऐंशी.
हवी होती सहाशे.

तरी तीन वर्षांनी, निवडणुकीच्या तोंडावर,
एक डबा सुरू झाला, मंगळवार आणि शुक्रवार,
कुठल्याशा देशानं मोडीत काढलेला.
महिन्याचा तक्ता माझ्या टेबलावर येतो.
सान आद्रियान, चढले : अकरा. नऊ. चौदा.
आन्सेल्मोच्या सव्वीस त्यात नाहीत.
मी साहेबांना म्हटलं, त्याचं चुकलं नव्हतं, उशीर गाडीला झाला.
साहेब म्हणाले, बंद पडेल ही.
पडेलही.

तक्त्यात उतरणाऱ्यांचा रकाना नाही.
मी तो पेन्सिलीनं ओढलाय, पट्टी न लावता,
आणि शुक्रवारी रात्री गार्डाला फोन करतो.
गेल्या खेपेला म्हणाला, तीन.
आणि कुणाच्या तरी कोंबड्या फलाटावर होत्या,
हाकलण्यात दोन मिनिटं गेली,
ती कशात धरू, असं विचारत होता.